विस्मयाचे शब्द : एका इंग्रजी शब्दकुळाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्यांनी आयुष्यभर ह्या गावातल्या मुलांना भाषा शिकवली. तेव्हा त्यांच्या स्मृतीस अर्पण करावयाचे व्याख्यान भाषेविषयीच असावे, असे मला वाटले. विषय मात्र मी मुद्दामच लहान निवडला आहे. इंग्रजीत आश्चर्य दाखविणारे जे चारपाच शब्द आपण शाळेत शिकतो, म्हणजे सरप्राइझ, ॲस्टॉनिश, अमेझ, ॲस्टाउंड, स्टार्टल, वंडर, त्यांचा इतिहास मला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. विषय लहान असला तरी त्यातून निघणारा प्रश्न लहान नाही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना तो रोज भेटतो. परक्या भाषेतील पाच शब्दांना आपण आपल्या भाषेतील एकच शब्द लावतो, तेव्हा नेमके काय हरवते, हा तो प्रश्न होय.

इंग्रजी शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. उत्तरपत्रिका तपासताना मी पाहत आलो आहे की, वरील सर्व शब्दांपुढे आपला विद्यार्थी निःशंकपणे ‘आश्चर्यचकित करणे’ एवढे लिहितो आणि त्यास पूर्ण गुण मिळतात. थोडा अधिक चौकस विद्यार्थी एक शिडी सांगतो. सरप्राइझ म्हणजे थोडे आश्चर्य, ॲस्टॉनिश म्हणजे जास्त, ॲस्टाउंड म्हणजे फारच. ही शिडी सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि जुने इंग्रजी वाचताना तर ती आपल्याला चकवते. ह्या शब्दांमधला मूळ भेद कमीअधिकपणाचा नाही. माणसावर नेमका कोणता प्रसंग ओढवला, ह्याचा तो भेद आहे. एकाला शत्रूने बेसावध गाठले, दुसऱ्याच्या कानाशी वीज कडाडली, तिसऱ्याची वाट चुकली, चौथा दचकून मागे सरला आणि पाचवा नुसता पाहत राहिला. हे पाचही प्रसंग पुढे एकाच भावनेच्या छत्राखाली आले, आणि ते कसे आले हाच आजचा इतिहास आहे.

प्रारंभी एक आख्यायिका सांगतो. आपणांपैकी अनेकांनी ती ऐकलीही असेल. एक थोर कोशकार घरातील मोलकरणीचे चुंबन घेत असता त्यांची पत्नी अवचित खोलीत आली आणि म्हणाली, ‘मी तर सरप्राइझ झाले!’ कोशकार शांतपणे उत्तरले, ‘नाही, सरप्राइझ झालो तो मी, तू झालीस ती ॲस्टॉनिश.’ ही गोष्ट अमेरिकेत नोआ वेब्स्टर ह्यांच्या नावावर सांगतात, इंग्लंडात डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांच्या आणि फ्रान्समध्ये एमिल लित्रे ह्यांच्या. एकच प्रसंग तीन देशांतील तीन कोशकारांच्या घरी घडावा हेच तिच्या खरेपणाविषयी संशय उत्पन्न करते. जॉन्सन ह्यांच्यापुरते तर आणखी एक सांगता येते. त्यांचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या पत्नीचे निधन १७५२ सालीच झाले होते. म्हणजे कोशकार म्हणून त्यांचा दबदबा निर्माण झाला तेव्हा हा संवाद करावयास ती माउली हयातच नव्हती. वेब्स्टर ह्यांचा मोठा कोश १८२८ चा आणि लित्रे ह्यांचा १८६३ नंतरच्या दशकातला. तेव्हा गोष्ट बनावट आहे असेच धरून चालावे.

परंतु बनावट गोष्टीतही इतिहासकाराला पुरावा सापडतो. कोशकाराचे उत्तर विनोदी का वाटते? कारण ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक आहे. सरप्राइझ ह्या शब्दाचा पहिला अर्थ बेसावध पकडला जाणे हाच होता, आणि त्या खोलीत पकडले गेले होते ते पतिराज. आता ह्या शब्दापासूनच आरंभ करू.

लॅटिनमध्ये ‘प्रेहेंदेरे’ म्हणजे पकडणे, धरणे. त्याला ‘वरून’ ह्या अर्थाचा उपसर्ग लागून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सुरप्राँद्र’ हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ वरून येऊन झडप घालणे, गाठणे. बंदिवासासाठी असलेला ‘प्रिझन’ हा इंग्रजी शब्दही ह्याच पकडीतून आलेला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत हे शब्द इंग्रजीत आले तेव्हा सरप्राइझ हा प्राधान्याने लढाईतला आणि पकडापकडीचा शब्द होता. शत्रूच्या तळावर अकस्मात पडणे, किल्ला बेसावध गाठून घेणे, ह्याला सरप्राइझ म्हणत. अनपेक्षित गोष्टीने मनात उठणारी भावना हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकात स्थिर झाला.

हे मी आपणांस सांगतो आहे ते केवळ कुतूहल म्हणून नव्हे. मराठ्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्याला कंपनीच्या काळातील इंग्रजी कागद वाचावे लागतात, आणि त्या काळच्या लष्करी इंग्रजीत किल्ले व छावण्या सरप्राइझ होतात. आजच्या अर्थाने वाचणारा विद्यार्थी गोंधळतो, कारण किल्ल्याला आश्चर्य कसे वाटावे? ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या लोकांनिशी पुण्याच्या लाल महालात शिरले आणि शायिस्तेखानाला जीव वाचविताना बोटे गमवावी लागली. ह्या घटनेला त्या शब्दाच्या मूळ अर्थाने सरप्राइझ म्हणावे लागेल; मराठीत आपण त्याला छापा म्हणतो. खानाला त्या रात्री आश्चर्य वाटले असेलही, पण शब्दाचा रोख त्याच्या मनाकडे नाही, त्याच्या बेसावधपणाकडे आहे. युद्धशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सरप्राइझ हे युद्धाचे एक तत्त्व म्हणून आजही शिकवले जाते, ते ह्याच अर्थाने.

हा जुना अर्थ आपल्या न्यायालयांतही जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ८, नियम २ असे सांगतो की, बचावाचे जे मुद्दे आधी न मांडल्यास विरुद्ध पक्षाला सरप्राइझने गाठल्यासारखे होईल, ते प्रतिवादीने आपल्या कैफियतीत मांडलेच पाहिजेत. येथे ‘विरुद्ध पक्षाला आश्चर्य वाटेल’ असे भाषांतर केले तर नियमाचा प्राणच जातो. न्यायाधीशाला पक्षकाराच्या आश्चर्याशी कर्तव्य नाही. तयारीची संधी न देता त्याला बेसावध गाठले जाऊ नये, एवढीच त्याची चिंता आहे. आणि शाळेपुरते बोलावयाचे तर पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीला आपण सर्वच ‘सरप्राइझ टेस्ट’ म्हणतो. तीत विद्यार्थ्याला आश्चर्यापेक्षा पकडले गेल्याचीच भावना अधिक असते, हे येथील माजी विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको.

आता दुसरे घराणे पाहू : ॲस्टॉनिश, ॲस्टाउंड आणि स्टन. ही तीन सख्खी भावंडे आहेत. लॅटिनमध्ये ‘तोनारे’ म्हणजे गडगडणे. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तोने’ हे क्रियापद आले. विजेच्या कडकडाटाने कान बधिर व्हावेत, शुद्ध हरपावी, तसे करणे हा त्याचा अर्थ. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या आरंभापासून हे शब्द दिसतात आणि प्रथम ते शरीराविषयी बोलतात. डोक्यावर दंडा बसला तरी मनुष्य ॲस्टॉनिश होत असे. स्टन ह्या शब्दाने तो आघात आजही टिकवून ठेवला आहे. ॲस्टाउंड हे तर त्याच क्रियापदाच्या भूतकालवाचक विशेषणापासून पुढे बनलेले नवे क्रियापद.

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ ह्या १६६७ च्या महाकाव्यात, पहिल्याच सर्गात, स्वर्गातून फेकले गेलेले देवदूत अग्निसरोवरावर निपचित पडलेले आहेत आणि कवी त्यांना ॲस्टॉनिश झालेले म्हणतो. त्यांना कशाचे नवल वाटलेले नाही. ईश्वराच्या मेघगर्जनेने आणि वज्राने त्यांना खाली पाडले आहे. मिल्टनला लॅटिन उत्तम येत असल्यामुळे गर्जना आणि शब्द ह्यांचे नाते त्याने जाणूनबुजूनच जागे केले असावे. १६११ च्या इंग्रजी बायबलात दानिएलाच्या पुस्तकातील नबुखद्नेस्सर राजा, भट्टीत टाकलेले तरुण जळत नाहीत हे पाहून ताडकन उठतो. तेथे ह्याच शब्दाचे ‘ॲस्टनीड’ असे जुने रूप आहे. त्या राजाच्या मनात नवल आणि धास्ती ह्या दोन्ही गोष्टी आहेत. शब्दाच्या पोटात दोन्ही मावत होत्या.

येथे संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. संस्कृतात ‘स्तन्’ हा गडगडण्याचा धातू आहे. मेघगर्जनेला ‘स्तनित’ म्हणतात आणि गर्जणाऱ्या मेघाला ‘स्तनयित्नु’. लॅटिनमधील तोनारे, इंग्रजीतील थंडर आणि आपला हा धातू एकाच आदिम मुळाचे आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. म्हणजे ॲस्टॉनिश हा शब्द वाटतो तितका परका नाही. त्याची आणि मेघदूतातील मेघाच्या स्तनिताची दूरची सोयरीक आहे.

तिसरा शब्द अमेझ. हा मात्र लॅटिनकडून आलेला नाही. तो इंग्रजांच्या घरचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गोंधळून टाकणे, भांबावून सोडणे असा होता. चकव्याच्या वाटांसाठी असलेला ‘मेझ’ हा शब्द ह्याच कुळातला. ज्याच्या मनात वाटांचा गुंता झाला आहे, कोठे वळावे हे कळत नाही, तो अमेझ झालेला. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात एक पात्र गोंधळाच्या क्षणी आपण अमेझ झालो असे म्हणते, आणि लगेच त्याच वाक्यात वाट हरवल्याची, काट्याकुट्यांची भाषा करते. कवीच्या मनात त्या शब्दाची वाट अजून बुजलेली नव्हती. १६११ च्या बायबलात गेथशेमानेच्या बागेत मृत्यूच्या आदल्या रात्री येशू अमेझ झाला असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तेथे अर्थ व्याकूळ होणे, मन थाऱ्यावर नसणे असा आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरांनी तो शब्द बदलून क्लेशाचा शब्द घातला, कारण तोपर्यंत अमेझ हा कौतुकाचा शब्द झाला होता. आज तर जाहिरातीत साबणदेखील अमेझिंग असतो.

चौथा शब्द स्टार्टल. जुन्या इंग्रजीत ह्याचा अर्थ लाथा झाडणे, धडपडणे असा होता. पुढे तो अंग दचकण्याचा शब्द झाला. ह्याला आपल्याकडे ‘दचकणे’ हा तोलामोलाचा शब्द आहे. दचकणे ही शरीराची क्रिया आहे. बुद्धीचा तिच्याशी फारसा संबंध नाही. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या जाड काचेच्या पेटीला त्यांनी तोंड भिडवले आणि सापाने झेप घेतली तरी मागे सरावयाचे नाही असा निश्चय केला. सापाने झेप घेताच निश्चय कोठल्या कोठे गेला आणि ते विलक्षण वेगाने मागे उडाले. साप झेपावणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे सरप्राइझ मुळीच नव्हते. काच मध्ये आहे हेही ठाऊक होते. तरीही ते स्टार्टल झाले. केवळ कमीअधिकपणाची शिडी ह्या प्रसंगाचा उलगडा करू शकत नाही.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या प्रांतातले देतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी झालेल्या सूर्यग्रहणाचा खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार, हे पंचांगांनी आणि वर्तमानपत्रांनी आधीच छापले होते. म्हणजे त्यात अनपेक्षित असे काहीच नव्हते. तरीही भरदिवसा अंधार पडला, तारे दिसू लागले, तेव्हा पाहणारा स्तब्ध झाल्यावाचून राहत नाही. सरप्राइझ नाही, पण ॲस्टॉनिशमेंट पूर्ण आहे. म्हणून ही दोन वेगळी दुखणी आहेत असे मी म्हणतो. पहिल्याचे कारण आपली अपेक्षा, दुसऱ्याचे कारण समोरच्या वस्तूची प्रचंडता.

पाचवा शब्द वंडर. हा जुना जर्मानिक शब्द आहे. जर्मन भाषेतही तो आहे, पण त्याच्या पलीकडचे मूळ सापडत नाही. त्याच्या शेजारी एके काळी ‘ॲडमायर’ हा शब्द बसत असे. आज त्याचा अर्थ प्रशंसा करणे असा आहे. शेक्सपिअरच्या काळी तो आश्चर्याने पाहत राहणे असा होता. ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे भूत दिसल्याचे वृत्त सांगताना होरेशियो हॅम्लेटला आपले ॲडमिरेशन क्षणभर आवरावयास सांगतो. तेथे प्रशंसा असा अर्थ लावला तर प्रसंगच हास्यास्पद होईल. हा शब्द लॅटिन ‘मिरारी’पासून आला, आणि मिरॅकल, मार्व्हल हे त्याचेच आप्त. अनेक भाषाशास्त्रज्ञ ह्या लॅटिन शब्दाचे मूळ आपल्या ‘स्मि’ धातूच्या मुळाशी जोडतात. स्मि म्हणजे हसणे. त्यातून स्मित आणि त्यातूनच विस्मय. इंग्रजीतील स्माइलही त्याच मुळाचा. म्हणजे एका घराण्याने आश्चर्याचे नाव मेघगर्जनेवरून ठेवले, तर दुसऱ्याने ते उमलणाऱ्या चेहऱ्यावरून. पहिल्यात भय आहे, दुसऱ्यात आनंद.

ह्या पाच प्रसंगांचे रूपांतर भावनेच्या छटांमध्ये कसे झाले, हे आता थोडक्यात सांगतो. ह्या कामी तत्त्वचिंतकांचा आणि समानार्थी शब्दांच्या कोशकारांचा मोठा हात आहे. देकार्त ह्यांनी १६४९ मध्ये भावनांवरील ग्रंथात विस्मयाला सर्व भावनांत पहिले स्थान दिले. परंतु त्याच विस्मयाचा अतिरेक झाला की शरीर पुतळ्यासारखे निश्चल होते, आणि तो कधीच हितकारक नसतो, असेही बजावले. एडमंड बर्क ह्यांनी १७५७ मध्ये भव्य आणि सुंदर ह्यांवरील आपल्या प्रबंधात ॲस्टॉनिशमेंटला भव्यतेचा सर्वोच्च परिणाम मानले. ती मनाची अशी अवस्था की, सर्व हालचाल थांबते आणि तीत थोडे भय मिसळलेले असते. विशेष म्हणजे त्यांनी साक्ष काढली ती शब्दांचीच. फ्रेंच आणि इंग्रजी ह्या भाषांतील आश्चर्याचे शब्दच भय आणि विस्मय ह्यांचे नाते उघड करतात, असे त्यांचे म्हणणे.

सर्वांत नेमकी विभागणी केली ती अर्थशास्त्राचे जनक म्हणून आपण ओळखतो त्या ॲडम स्मिथ ह्यांनी. त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खगोलशास्त्राच्या इतिहासावरील निबंधाचा आरंभच ह्या शब्दांनी होतो. जे नवे आणि अपूर्व त्याने वंडर उपजते. जे अनपेक्षित त्याने सरप्राइझ. जे थोर किंवा सुंदर त्याने ॲडमिरेशन. हजार वेळा पाहिलेला मित्र भलत्या वेळी समोर आला तर सरप्राइझ होते, वंडर होत नाही, हे त्यांचे उदाहरण कोणत्याही वर्गात जसेच्या तसे वापरावे इतके सोपे आहे.

ह्याच सुमारास समानार्थी शब्दांतील भेद सांगणारी पुस्तके निघू लागली. फ्रान्समध्ये आबे जिरार ह्यांनी १७१८ मध्ये ही वाट पाडली, तिच्या आधारे जॉन ट्रस्लर ह्यांनी १७६६ मध्ये इंग्रजीत पुस्तक केले, डॉ. जॉन्सन ह्यांच्या स्नेही हेस्टर पियोत्झी ह्यांनी १७९४ मध्ये दोन खंड काढले. आणि १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब ह्यांचा ग्रंथ आला. त्यात वंडर, ॲडमायर, सरप्राइझ, ॲस्टॉनिश, अमेझ ही सारी मंडळी एकाच नोंदीत शेजारी बसवलेली आहेत. मध्यमवर्गाला नेमके आणि सभ्य इंग्रजी बोलावयाचे होते. म्हणून ह्या पुस्तकांना मागणी होती. डार्विन ह्यांनी १८७२ मध्ये अवधान, सरप्राइझ, ॲस्टॉनिशमेंट आणि शेवटी दिङ्मूढ करणारे अमेझमेंट अशी चढती परंपरा सांगितली. आपल्या शाळांतील शिडी ह्याच परंपरेतली म्हणावी लागेल. परंतु त्याच प्रकरणात डार्विन ह्यांनी भय आणि थरकाप ह्यांचाही विचार केला आहे, हे आपण विसरतो.

आता आपल्या घराकडे वळू. इंग्रजी आणि मराठी ह्यांची कोशांतून गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकात. विल्यम केरी ह्यांचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपुरात मोडी लिपीत छापला गेला. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. मोल्सवर्थ ह्यांनी आरंभलेला आणि कँडी ह्यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. ह्या कोशकारांनी आणि त्यांच्या पदरी असलेल्या शास्त्रीमंडळींनी बोलीतले शब्ददेखील मोठ्या कष्टाने टिपले. पुढे शालेय शब्दसूचींनी मात्र सोईसाठी एकास एक जोड्या लावल्या, आणि ‘आश्चर्य’ ह्या एका शब्दाच्या खांद्यावर सारा भार पडला.

वास्तविक आश्चर्य ह्या शब्दालाही स्वतःचा नेमका अर्थ आहे. पाणिनीने सहाव्या अध्यायात ह्या शब्दाची सिद्धी सांगताना जे नित्य घडत नाही ते आश्चर्य, असा अर्थ दिला आहे. म्हणजे हा शब्द ॲडम स्मिथ ह्यांच्या वंडरच्या जवळ बसतो. छाप्याच्याही नाही आणि विजेच्याही नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी-दारी कन्नड बोलली जाते त्यांना ‘अच्चरी’ हा शब्द माहीत असेल. तो ह्याच आश्चर्याचा प्राकृतातून आलेला अवतार. कन्नडात त्याखेरीज ‘बेरगु’ हा स्वतंत्र शब्द आहे. शेजारच्या भाषेनेही एका शब्दावर भागवलेले नाही.

मराठीनेही भागवलेले नाही. बेसावध गाठणे, गाफील पकडणे हे सरप्राइझचे मूळ. वीज कोसळल्यासारखे होणे, सुन्न होणे, स्तंभित होणे हे ॲस्टॉनिशचे. भांबावणे, बावचळणे, दिङ्मूढ होणे हे जुन्या अमेझचे. दिङ्मूढ शब्दात तर दिशा हरवल्याचे चित्र मेझइतकेच स्पष्ट आहे. दचकणे हे स्टार्टलचे. नवल वाटणे, तोंडात बोट घालणे हे वंडरचे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय आहे. शिवाय स्तंभ हा आठ सात्त्विक भावांपैकी एक असून तो हर्ष, भय, शोक, विस्मय अशा अनेक कारणांनी उत्पन्न होतो असे तेथे सांगितले आहे. बर्क ह्यांनी अठराव्या शतकात शब्दांच्या साक्षीने जे दाखविले, की थिजून जाणे हे भयाचेही असते आणि विस्मयाचेही, त्याची नोंद आपल्या परंपरेत कितीतरी आधी झालेली होती. साधन आपल्याकडे होते. आपण ते इंग्रजीच्या तासाला बाहेर काढले नाही, एवढेच.

ह्याने प्रत्यक्षात काय बिघडते, ह्याचे एक उदाहरण घेतो. बंगालमध्ये अमाप संपत्ती मिळविल्याबद्दल रॉबर्ट क्लाइव्ह ह्यांची १७७२-७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चौकशी झाली. तेव्हा मुर्शिदाबादचे उघडे पडलेले खजिने आठवून, आपण किती थोडे घेतले ह्या स्वतःच्या संयमाने आपण ॲस्टॉनिश होऊन उभे आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. ह्याचे मराठी ‘मला माझ्या संयमाचे आश्चर्य वाटते’ असे केले तर वाक्य घरगुती होते. जणू चहात साखर कमी घातल्याचे आश्चर्य. क्लाइव्ह ह्यांनी निवडलेला शब्द मोठ्या आघाताचा आहे. आपली लूट ही आरोपाची बाब नसून आपला संयम हीच स्तंभित करणारी घटना आहे, असा उलटा डाव ते त्या शब्दाने खेळतात. ‘माझा संयम पाहून मी स्वतःच स्तंभित उभा आहे’ असे मराठी केले, म्हणजे त्यातील उद्दामपणा आपल्या कानांवर आदळतो. ज्या लोकांनी आपल्यावर राज्य केले त्यांची भाषा त्यांच्या उद्दामपणासकट वाचता येणे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो एका ढोबळ प्रतिशब्दापायी गमावू नये.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. हे शब्द शिकविताना प्रथम प्रसंग विचारा, मग शब्द द्या. अपेक्षा मोडली का? अंग दचकले का? बुद्धी खुंटली का? हालचाल थांबली का? की समोरच्या वस्तूचे नुसते कौतुक वाटले? एवढे पाच प्रश्न विचारले की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो, आणि त्याच्या जोडीचा मराठी शब्दही. एका व्याकरणाच्या गोष्टीकडेही लक्ष वेधतो. ही बहुतेक क्रियापदे इंग्रजीत सकर्मक आहेत. घटना कर्ता असते आणि माणूस कर्म. म्हणून ‘सरप्राइझ्ड’ माणूस असतो आणि ‘सरप्राइझिंग’ बातमी. माणसाला पकडले आहे, ठोकले आहे, भांबावले आहे, हे मूळ चित्र ध्यानात असले म्हणजे ही चूक सहसा होत नाही. वंडर मात्र वेगळा. तेथे माणूस स्वतः कर्ता आहे. तो पकडला गेलेला नाही. तो आपण होऊन विचारात पडला आहे. म्हणूनच त्याच क्रियापदाने इंग्रज मनुष्य ‘कोण जाणे, असे असेल का’ ही जिज्ञासाही व्यक्त करतो.

देकार्त ह्यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. पुतळा करून टाकणारे आश्चर्य विद्येच्या कामाचे नाही. प्रश्न विचारावयास लावणारे आश्चर्य हाच ज्ञानाचा आरंभ. सीमाभागातील मुलाला तीन भाषा एकाच वेळी भेटतात, आणि पुष्कळदा तो भांबावतो. शाळेचे काम त्या भांबावण्याचे जिज्ञासेत रूपांतर करणे हे होय. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुवर्यांनी ते काम केले, ह्याची साक्ष ह्या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांइतकी दुसरे कोण देणार?